भाषा कानांनी शिकावी लागते

करोनामुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग भरायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. त्या काळात 'मोबाइलवरून भाषा शिकवणे जमत नाही' अशी तक्रार मराठीचे अनेक शिक्षक करीत. काहींनी त्यांना जुनाट, कामचुकार ठरवले. डॉक्टर या नात्याने मला मात्र शिक्षकांचे म्हणणे पटते.

मूल बोलणाऱ्याचे ओठ पाहते, ऐकते, तसेच म्हणून बघते. चुकले की समोरचा माणूस तिथल्या तिथे सुधारतो. 'ळ' म्हणताना जीभ मागे वळवून टाळूला लावायची, हे पुस्तक वाचून येत नाही. साध्या मोबाइलवर 'स' आणि 'श' यांतला फरक पुसट होतो. रेंज गेली की वाक्यच तुटते. सगळ्या मुलांचे आवाज बंद ठेवून तास घेतला, तर कोण कुठे अडखळले हे गुरुजींना कळणार कसे?

आपल्या कळमनुरी तालुक्यात तर हा प्रश्न अधिक गंभीर आहे. तांड्यावर घरात बंजारा बोली, गावात कित्येक घरी उर्दू. या मुलांच्या कानांवर पुस्तकी मराठी पडते ती मुख्यतः शाळेत.

सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' मालिका दाखवली गेली. तिचा उपयोग झालाच. पण दूरदर्शन मुलाचे वाचन ऐकत नाही. 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीचा धडा वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये शंभरात सुमारे २७ होती, २०२२ मध्ये ती २० वर आली. तेव्हा मागे पडलेली मुले आज वरच्या वर्गांत बसली आहेत. वाचता येत नाही म्हणून गणित आणि विज्ञानही त्यांना जड जाते.

पालकांनी रोज पंधरा मिनिटे मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. स्वतःला वाचता येत नसले तरी शेजारी बसून ऐकावे. मूल सारखे अडखळत असेल, तर रागावण्याआधी त्याचे कान आणि डोळे तपासून घ्यावेत. वाहणारा कान किंवा न लावलेला चष्मा हेही कारण असू शकते.

पुन्हा कधी साथ आली, तर झाडाखाली, अंतर ठेवून, पाच-पाच मुलांचे गट बसवावेत. अनेक शिक्षकांनी २०२० मध्ये वस्त्यांवर जाऊन हेच केले होते. निर्णय घेण्यापूर्वी त्यांना विचारावे, एवढेच सांगणे.