प्रयोग फसला, तरी कळवावे



मुलांना घरगुती विज्ञानप्रयोग शिकविणाऱ्या संकेतस्थळांवर शेवटी अभिप्राय विचारला जातो. आपण ‘छान’ लिहून मोकळे होतो. परवा माझा नातू मात्र अडला. विद्युतघटासाठी बटाटा आणि आम्लाच्या प्रयोगासाठी अंडे सांगितले होते. दोन्ही आपल्या उंबरठ्याबाहेरची. तो हिरमुसला.

आम्ही लिंबू घेतले. त्यात जस्ताचा मुलामा असलेला खिळा व तांब्याची तार खोचली. दिवा लागला नाही. एका लिंबातून सुमारे ०.९ व्होल्ट मिळतात, तर तांबड्या एलईडीला साधारण १.८ लागतात. चार लिंबे एकसरीत जोडल्यावर तो मंद उजळला. अंड्याच्या कवचाप्रमाणे संगमरवरातही कॅल्शियम कार्बोनेट असते; त्याच्या तुकड्यावर लिंबाचा रस टाकताच बुडबुडे आले.

काय चालले नाही, काय फसले, काय साधले, हे सारे नातवाने स्वतःच्या शब्दांत कळविले. पूर्ण नाव व शाळा मात्र मी लिहू दिली नाही.

न बोलता निघून गेलेल्या गिऱ्हाइकाकडून दुकानदाराला काहीच शिकता येत नाही, हे आपण व्यापारी कुटुंबे जाणतो. मग येथेच मौन का? आपल्या मुलांना आचार आणि विज्ञान यांतून एकाची निवड करावी लागू नये, असे वाटत असेल तर आपली अडचण, आणि सापडलेला पर्यायही, प्रयोग लिहिणाऱ्यांपर्यंत पोहोचविणे हे आपलेच काम आहे.