गाय उलटली तर वळूकडेही पाहा



गाय माजावर आली, वळू दाखवला आणि २१ दिवसांनी ती पुन्हा माजावर आली, की पहिला ठपका गाईवर येतो. ती भाकड ठरते आणि बाजाराची वाट धरते. वळू अंगाने भरलेला, चालीने डौलदार. त्याच्यात उणे असेल असे कुणाच्या मनात येत नाही. पण अंगाचा भरदारपणा वेगळा आणि बीजाचा कस वेगळा. हे उंदरांवरील संशोधनातून स्पष्ट दिसले आहे.

उंदीरच का घेतात? त्याची मादी तीन आठवड्यांत विते, त्यामुळे थोड्या काळात अनेक पिढ्या पाहता येतात. शिवाय नराच्या अंगात बीज तयार होण्याची रीत उंदरात आणि आपल्या जनावरांत बरीच सारखी आहे. विहिरीवरच्या मोटारीची एक तार काढली आणि पंप बंद पडला, तर त्या तारेचे काम कळते. तसेच उंदराचे एकच जनुक, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणारा घटक, निकामी करतात आणि शुक्राणू तयार होण्याचे काम कोठे अडते ते पाहतात.

जपानी शास्त्रज्ञांनी २००३ साली 'नॅनोस-२' या जनुकाबाबतचा असा प्रयोग प्रसिद्ध केला. ते जनुक नसलेले नर वाढले, पण त्यांच्या वृषणात बीजपेशीच उरल्या नाहीत. माद्यांना मात्र बाधा झाली नाही. म्हणजे हे जनुक नराच्या बियाण्याची कणगी राखते.

पुढे २०२० साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी हे जनुक निकामी केलेल्या उंदीर, बोकड व डुकराच्या नरांत दुसऱ्या नराच्या बीजपेशी रुजवल्या. रुजवलेल्या पेशींपासून शुक्राणू तयार झाले. उंदरांत पिल्लेही झाली. उद्या उत्तम वळूचे बीज दुसऱ्या वळूच्या अंगी वाढवता येईल, अशी आशा त्यातून आहे. पण हे काम अजून प्रयोगाचेच आहे.

आपण आज काय करावे?

एक, वळूच्या अंगात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६० दिवस लागतात. म्हणून जोराचा ताप किंवा कडक ऊन यांचा परिणाम नंतरही काही आठवडे दिसतो. लाळ-खुरकुतातून उठलेला वळू लगेच गाईवर सोडू नका.

दोन, कोणती गाय कोणत्या तारखेला, कोणत्या वळूला दाखवली ते वहीत लिहा. एकाच वळूच्या बऱ्याच गाई उलटत असतील, तर पशुवैद्यकाकडून त्याचे रेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या.

तीन, ज्याच्या बीजात दोष आढळला, त्याचे गोऱ्हे पैदाशीसाठी राखण्याआधी पशुवैद्यकाचा सल्ला घ्या. काही दोष वंशातून उतरतात.

दोष वळूचा आणि शिक्षा गाईला, असे होऊ नये. दावणीची चांगली गाय विकण्यापूर्वी एवढी तपासणी अवश्य करा.