पद्मिनी पाहिजे, पण चालणारी!

आपल्याकडे दोन गोष्टींसाठी 'स्थळं' बघतात. एक लग्नासाठी आणि दुसरं जुन्या गाडीसाठी. दोन्हीकडे फोटो झकास असतात, मधला माणूस 'अहो, एकदम घरातली आहे' असं छातीठोकपणे सांगतो आणि खरं काय ते प्रत्यक्ष भेटल्यावरच कळतं.

माझा एक मित्र रत्नागिरीत बँकेत आहे. ईएमआयवर छानशी नवी हॅचबॅक आरामात परवडेल त्याला. पण साहेबांना हवीय प्रीमियर पद्मिनी! तीही अंगणात उभी करून फोटो काढायला नाही. रविवारी आई-बाबांना मागे बसवून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाऊन परत आणणारी. चार वर्षांची बचत त्याने यासाठी बाजूला काढलीय. घरचे म्हणतात, वेड लागलंय. मी म्हणते, वेड असू दे, पण कागदपत्रांसकट असू दे!

पद्मिनीच का? कारण ती आपली गाडी आहे, बॉस. 1964 पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 डिलाइट बनू लागली आणि 1974 पासून तीच 'पद्मिनी' झाली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा आणि कोपऱ्यातली ती छोटी तिकोनी काच. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तेव्हापासून 'आपल्याकडे एक असायला हवी' म्हणणारे अचानक वाढलेत.

गोरी-गोमटी, पण...

पहिलं स्थळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. क्रीम रंग, चकचकीत बंपर. मित्र तिथेच विरघळला. सोबत आलेले मेस्त्री मात्र खिशातून लोहचुंबक काढून दरवाजाखालून फिरवत बसले. चुंबक चिकटेचना. म्हणजे आत पत्रा नाही, पुट्टी! 'भाऊ, रंग काय बघताय? खाली वाकून बघा,' मेस्त्री म्हणाले. मॅट उचललं तर पायाखालून अंगणातली तांबडी माती दिसली.

हे कोकणात फार महत्त्वाचं. खारा वारा आणि चार महिने कोसळणारा पाऊस पत्र्याला सुखाने जगू देत नाही. त्यात पद्मिनीला वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच तिचा सांगाडा. तळ सडला की गाडीची कंबर मोडली समजा. इंजिन उतरवून नव्याने बांधता येतं. एखादा भाग मिळाला नाही तर आंबा घाट चढून कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर करून आणता येतो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधता येतो. पण तळाचा पत्रा बदलायचा तर खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे जातो. म्हणून घाटावरची, कोरड्या हवेतली गाडी दिसायला जरा डावी असली तरी चालेल.

पत्रिका जुळते का?

दुसरी गाडी फर्स्टक्लास चालली. सकाळी थंड इंजिनावर चटकन सुरू, धूर नाही, हातखंब्यापर्यंत जाऊन आलो तरी तापली नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यामुळे ब्रेक जोर लावून दाबावा लागतो, पण गाडी सरळ थांबली. मग आरसी मागितली. मुदत कधीच संपलेली, शिवाय चेसिस नंबरातला एक आकडा जुळेना. मित्राने तिथेच हात जोडले. शाब्बास!

इथे जरा नियमांचा फंडा समजून घ्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं. त्याची फी आणि पर्यावरण कर बजेटमध्ये आधीच धरा. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, 20 हजार रुपये फी भरून. ऐकायला कूल. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज फिरवायची असेल तर नेहमीची नोंदणी जिवंत असलेलीच गाडी शोधा.

आणि पेट्रोल! पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. जुने रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा डायफ्राम यांना ते मानवत नाही. गाडी घेतल्या घेतल्या हे बदलायचं. महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवू नका.

तीन सह्यांची गोष्ट

तिसरी पद्मिनी पावसच्या वाटेवर एका घराच्या पडवीत मिळाली. ताडपत्रीखाली, चाकं विटांवर. तळ ठणठणीत, नोंदणीची मुदत शिल्लक. मालक दोन वर्षांपूर्वी गेले. आजी म्हणाल्या, 'भंगारवाला दोनदा येऊन गेला रे बाळा. मी नाही दिली. ह्यांनी पोरासारखी सांभाळलीय ती.'

अडचण गाडीत नाही, घरात आहे. आरसी अजून आजोबांच्या नावावर. नियमाप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसाने फॉर्म 31 भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची. हे झाल्याशिवाय विक्रीचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म पुढे सरकत नाहीत. मुलं तीन. एक ठाण्यात, एक पुण्यात, एक दुबईत. आणि घराच्या वाटणीवरून बोलणं बंद. कोकणात आंब्याची कलमं सामाईक असतात हे माहीत होतं, इथे गाडीही सामाईक!

ओळखीचे म्हणाले, 'टोकन देऊन टाक, गाडी घरी ने, सह्या होतील मागाहून.' मित्र नाही म्हणाला. उद्या कुठे अपघात झाला तर कागदावर गाडी एका मेलेल्या माणसाची. भुर्दंड कोणी भरायचा?

मग त्याने वेगळंच केलं. दर रविवारी तो पावसला जातो, बोनेट उघडतो, पुसून काढतो, आजींच्या हातचा चहा पितो. ठाण्याच्या मुलाची सही आली. पुण्याच्या मुलीने फोनवर विचारलं, 'बाबांची गाडी तुम्ही चालवणार ना? की विकणार?' त्याने 'चालवणार' म्हटलं आणि दुसरी सही आली.

दुबई अजून बाकी आहे. सही आलीच नाही तर तो दुसरी गाडी शोधेल. पण बचतीतला एक रुपयाही अजून हललेला नाही, आणि जुन्या गाडीच्या बाजारात हीच सगळ्यात मोठी कमाई.

तेव्हा मंडळी, स्थळ बघायला जाताना तीन गोष्टी न्या : एक लोहचुंबक, एक ओळखीचा मेस्त्री आणि 'नाही' म्हणायची तयारी.