शाळा बंद होती, तेव्हां मास्तर कोठें होता?

“शाळा बंद आणि पगार चालू!” हा टोमणा २०२० सालीं गांवोगांवच्या पारावर ऐकूं येत होता. करोनाच्या सांथीमुळें त्या वर्षीं मार्चमध्यें शाळांना कुलूप लागलें. खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग उघडावयास डिसेंबर २०२१ उजाडला. ज्याचा भाजीपाला रानांत सडला, ज्याचा माग थांबला, ज्याचीं मडकीं कोणी उचललीं नाहींत, त्याच्या डोळ्यांत दुसऱ्याचा चालू पगार खुपला यांत नवल नाहीं. परंतु रागाच्या भरांत काढलेला शब्द म्हणजे न्याय नव्हे. आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं त्या वर्षाचा हिशेब एकदां शांतपणें मांडावा.

मास्तर घरीं बसला होता काय? त्याला तपासणी नाक्यावर उभें केलें, रेशनच्या दुकानावर बसविलें, घरोघर ताप मोजावयास पाठविलें. कित्येक शिक्षक त्या कामांत आजारी पडून वारले. शिकविण्याचें काम सुटलें नव्हतेंच. अभ्यास मोबाईलवर आला. पण घरांत मोबाईल एकच, आणि तोही बापाबरोबर रानांत जाणारा! अशा पोरांसाठीं गुरुजी व बाई वस्तीवर गेल्या, झाडाखालीं पांच-सात मुलें लांब लांब बसवून त्यांनीं धडे घेतले. सोलापुरांत कष्टकऱ्यांच्या वस्तींत घरांच्या भिंतींवर धडे रंगविले गेले. माढे तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्यें दहा लक्ष डॉलरचें जागतिक पारितोषिक मिळालें. एकाचें नांव जगांत झालें. बाकीच्यांचें त्यांच्या वाडीबाहेरही गेलें नाहीं.

सगळेच असे होते, असें आम्ही म्हणत नाहीं. अभ्यास मोबाईलवर ढकलून हात झटकणारेही होते, आणि त्यांना जाब विचारण्याचा आईबापांस पुरता हक्क आहे. पण चार आळशांच्या नांवानें चाळीस कष्टाळूंना शिव्या देणें हें कोणत्या न्यायांत बसतें?

शाळा म्हणजे एकटा मास्तर नव्हे. दुपारचें अन्न शिजविणारी बाई हीही शाळाच. तिच्या हातचें अन्न सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसून खातात. हें काम मोठमोठ्या व्याख्यानांनीं झालें नसतें. सांथीच्या वर्षीं तिचें मानधन महिना १५०० रुपये होतें. २०२३ सालीं तें २५०० झालें. तिचा सत्कार कोणत्या गांवानें केला?

ज्यांच्या घरीं तीन पिढ्यांचीं पुस्तकें आहेत, त्यांचीं मुलें शाळेवांचूनही शिकतात. आमच्या पोरांस शाळेखेरीज दुसरें दार नाहीं. म्हणून शाळा बंद पडली कीं बुडतों तो आम्हीच, आणि त्या दाराशीं उभा राहणारा मनुष्य आम्हांसच जपला पाहिजे.

ही शिकवण नवी नाहीं. सावित्रीबाई फुले १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना त्याच रोगानें १० मार्च रोजीं वारल्या. मुलींना शिकविणारी ही माउली सांथीच्या वर्षीं दार लावून बसली नाहीं. त्यापूर्वीं १८८२ सालीं जोतीरावांनीं हंटर कमिशनपुढें मागणी केली होती कीं, प्राथमिक शाळेचा मास्तर शक्यतों शेतकरी वर्गांतला असावा, नांगर किंवा सुताराची तासणी धरण्याची त्याला लाज वाटूं नये, आणि त्याचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा. यांतलें मर्म पाहा. मास्तर आपल्यांत मिसळणारा हवा आणि त्याचें पोटही भरलें पाहिजे, अशा दोन्ही गोष्टी जोतीरावांनीं एकदम मागितल्या.

तेव्हां उपकार कसे फेडावे? गुरुपौर्णिमेस पायांवर डोकें ठेवून नव्हे. तो भोळेपणा आम्हीं पुष्कळ केला. शाल आणि नारळ यांनींही नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण यांवांचून दुसऱ्या बिनशैक्षणिक कामास शिक्षकांना जुंपूं नये असें ठरविलें आहे. आपल्या गांवचा मास्तर वर्गाऐवजीं भलत्याच कागदांत बुडालेला दिसला, तर गांवानें त्याच्या बाजूनें बोलावें. त्याच कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत पाऊण जागा आईबापांस दिल्या आहेत व निम्म्या जागा बायांस. त्या खुर्च्या रिकाम्या ठेवूं नका. नुसत्या सह्या करूं नका. स्वयंपाकाच्या बाईचें मानधन वेळेवर मिळतें कीं नाहीं, तें तेथें विचारा. आणि कापूस वेंचावयाचा असो कीं ऊस तोडावयाचा असो, पोराचें नांव हजेरींतून तुटूं देऊं नका.

ज्यानें वाईट वर्षांत आपल्या पोराची पाटी कोरी राहूं दिली नाहीं, त्याला चांगल्या वर्षांत विसरूं नये. मास्तराला मोठा मान हाच कीं, सकाळीं घंटा झाली म्हणजे आपलें पोर त्याच्यापुढें बसलेलें असावें.