गाजरगवत उपटण्याची वेळ

पुण्यातील उकिरड्यांवर १९५५ च्या सुमारास इवल्या पांढऱ्या फुलांचे जे एक अनोळखी झुडूप वनस्पतिशास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडले, त्याने पुढील काही दशकांत देशाचे बहुतेक सर्व प्रांत पादाक्रांत केले. आणि आज शेताचा बांध, रेल्वेचा रूळ, गावाचे गायरान किंवा शाळेचे आवार यांपैकी कोठेही ते दिसले नाही, तरच नवल वाटावे अशी अवस्था आहे. मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा प्रदेश ही या गाजरगवताची मायभूमी. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी येथे उतरले, असे सामान्यतः मानले जाते. मायभूमीत त्याला आवर घालणारे कीटक आणि रोग मात्र त्याच्यासोबत आले नाहीत; गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, आणि त्याच्या अंगच्या विषारी द्रव्यांमुळे शेजारच्या वनस्पतींची उगवण व वाढ खुंटते. ज्या गायरानावर गावाची जनावरे पोसली जात, ते हिरवेगार दिसत असूनही चाऱ्याच्या दृष्टीने उजाड ठरते. या गवताच्या संपर्काने खुरपणाऱ्या बायांच्या हातांना व मानेला सुटणारी खाज आणि त्यातून जडणारा चिवट त्वचारोग यांची नोंद मात्र कोणत्याही दप्तरातील नुकसानीच्या तक्त्यात होत नाही, हे मला सर्वांत जास्त खटकते.

गाजरगवताच्या निर्मूलनाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. परंतु ते बहुधा अवेळी होतात. रोप उगवल्यापासून साधारण महिन्याभरात फुलावर येते. एकेका फुलगुच्छात चार-पाच बिया धरतात आणि एक झाड दहा ते पंचवीस हजार बिया मातीच्या स्वाधीन करते. जूनच्या पावसाने उगवलेले रोप जुलै सरण्यापूर्वीच फुलते. आणि आपला गाजरगवत जागृती सप्ताह असतो १६ ते २२ ऑगस्ट! राष्ट्रीय सणाच्या तोंडावर आवार स्वच्छ दिसावे म्हणून विळ्याने झाडे कापली जातात, तेव्हा बुडख्यातून नवे फुटवे येतात. आणि फुललेली झाडे उपटून ढिगाने वाहून नेताना त्यांचे बी वाटभर सांडत जाते. महाराष्ट्रापुरता तरी हा सप्ताह जुलैच्या आरंभी आणावा, अशी माझी स्पष्ट सूचना आहे.

त्या वेळी रोप जमिनीलगत पसरलेल्या, गाजरासारख्या कातरलेल्या पानांच्या चक्राएवढेच असते, आणि ओल्या मातीतून सोटमूळ सहज निघते. हातमोजे मात्र हवेतच. फुलण्यापूर्वी उपटलेल्या रोपांचे उत्तम कंपोस्टही होते. मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडलेला झायगोग्रामा भुंगा पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतो, ही मोठीच मदत होय. परंतु हिवाळा-उन्हाळ्यात तो मातीत सुप्त राहतो आणि नेमक्या त्याच मुदतीत पाटाच्या पाण्यावरील गाजरगवत निर्वेध वाढते. भुंग्याच्या भरवशावर हातावर हात ठेवून बसता येणार नाही. उपटलेली जागा मोकळी ठेवणे हीही तितकीच मोठी चूक आहे. पावसाळ्यापूर्वी तेथे टाकळ्याचे बी फोकून ठेवले, तर तो दाट उगवून गाजरगवताला डोके वर काढू देत नाही. शिवाय टाकळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी कोकणात आवडीने खाल्ली जाते.

तेव्हा ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी फवारणीच्या ठेक्यांसाठी केलेल्या तरतुदीतील काही हिस्सा उपटणाऱ्या हातांचा मोबदला व हातमोजे यांकडे वळवावा, आणि मृगाच्या पावसानंतर तीन आठवड्यांच्या आत आपल्या हद्दीतील पहिली फेरी पुरी करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.