मेंदूची भीती घालून गोळ्या बंद करायला लावू नका

बायपोलर विकारावर, म्हणजे उन्माद आणि नैराश्याच्या फेऱ्यांवर, उपचार सुरू झालेल्या घरात एक सल्ला हमखास येऊन पोचतो : "आता बरं वाटतंय ना? मग गोळ्या बंद कर. त्यांनी मेंदू आक्रसतो." सांगणारा बहुतेक वेळा हितचिंतकच असतो. त्याचा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही, म्हणून आधी तो पूर्ण ताकदीनिशी मांडू.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माकडांना १७ ते २७ महिने हॅलोपेरिडॉल किंवा ओलांझापिन हे मनोविकारावरचं औषध दिलं गेलं. त्यांच्या मेंदूचं वजन औषध न दिलेल्या माकडांपेक्षा ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरलं. ओलांझापिन आज बायपोलर रुग्णांनाही दिलं जातं. २०१८ साली 'एनिग्मा' या आंतरराष्ट्रीय गटाने ६,५०३ जणांचे एमआरआय तपासले. त्यांत २,४४७ बायपोलर रुग्ण होते. फिटवरची औषधं मूड स्थिर ठेवण्यासाठी घेणाऱ्या रुग्णांचं कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, अधिक पातळ दिसलं. तेव्हा भीती निराधार आहे असं कुणी म्हणू नये.

पण या पुराव्यातून 'गोळ्या सोडा' हा निष्कर्ष निघत नाही.

पहिली चूक, सगळ्या औषधांना एकाच मापाने मोजण्याची. त्याच एनिग्माच्या अभ्यासात लिथियम हे बायपोलरवरचं औषध घेणाऱ्यांचं कॉर्टेक्स न घेणाऱ्यांपेक्षा जाड होतं. दुसरी चूक, कार्यकारणाची. एमआरआय हे एका दिवसाचं चित्र. कोणतं औषध कुणाला द्यायचं हे डॉक्टर आजाराचं स्वरूप पाहून ठरवतात. त्यामुळे पातळ झालेला थर औषधाचा की मुळातल्या आजाराचा, हे अशा चित्रावरून सांगता येत नाही.

तिसरी चूक सर्वांत मोठी. औषध घेणाऱ्या मेंदूची तुलना आपण निरोगी मेंदूशी करतो. रुग्णासमोर तो पर्यायच नसतो. त्याच्यासमोरचा पर्याय उपचार न केलेल्या आजाराचा असतो, आणि आजारही मेंदूला सोडत नाही. संशोधक इव्हेट शेलाइन यांनी २००३ साली नैराश्याच्या ३८ स्त्री-रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचाराविना नैराश्यात गेलेले दिवस जितके जास्त, तितका स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस लहान. औषध चालू असताना नैराश्यात गेलेल्या दिवसांशी मात्र असं नातं दिसलं नाही. २०२० साली भ्रमांसह येणाऱ्या तीव्र नैराश्यावरची चाचणी प्रसिद्ध झाली. कुणाला ओलांझापिन आणि कुणाला औषधविरहित गोळी हे तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं होतं. ओलांझापिनने थर पातळ झाला, हे खरं. पण औषधविरहित गोळीवर असताना ज्यांचा आजार उलटला, त्यांचाही थर पातळ झाला. यातली फक्त पहिली ओळ सांगणारा माणूस अर्धसत्य सांगतो.

खंडन दुसऱ्या बाजूचंही करायला हवं. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिथियम सुरू केल्यावर चार आठवड्यांत दहापैकी आठ रुग्णांच्या मेंदूतला करडा भाग वाढलेला दिसला. यावरून लिथियमला मेंदू वाढवणारं औषध ठरवणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. लिथियममुळे एमआरआयचा संकेतच बदलतो आणि वाढ झाल्याचा भास होऊ शकतो, अशी रास्त शंका पुढे संशोधकांनीच व्यक्त केली.

मग धरायचं काय? उत्तर लिथियमच्या आधुनिक वापरातल्या पहिल्याच रुग्णाच्या कहाणीत आहे. १९४८ साली मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादाच्या एका रुग्णाला लिथियम दिलं. ५१ वर्षांचा हा माणूस पाच वर्षं अखंड उन्मादात होता. काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला. मग गोळ्यांकडे दुर्लक्ष झालं, उन्माद परतला, तो पुन्हा रुग्णालयात आला. १९५० साली तो लिथियमच्याच विषबाधेने गेला. रक्तातली पातळी मोजण्याची पद्धत तेव्हा रुळली नव्हती. औषध सोडण्याचा धोका आणि देखरेखीविना औषध घेण्याचा धोका, दोन्ही एकाच माणसाने भोगले.

आज मोजमाप हाताशी आहे. रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं. लिथियमची पातळी बहुधा लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोलच्या दरम्यान राखली जाते. ती १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती. जुलाब, उलट्या, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी, एवढ्यानेही ती चढते. तीव्र विषबाधेने लहान मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मूत्रपिंड आणि थायरॉइडही वेळोवेळी तपासावे लागतात. बायपोलरमध्ये दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएट या फिटवरच्या औषधाने गर्भाच्या मेंदूला अपाय होतो, हे तर मूल होऊ शकेल अशा प्रत्येक स्त्रीला पहिल्या चिठ्ठीआधी सांगितलंच पाहिजे.

माझा आग्रह यासाठी आहे. डॉक्टरांनी दुष्परिणाम झाकू नयेत. झाकलेली माहिती उद्या भीती बनून परत येते. रुग्णाने बिनधास्त विचारावं : हेच औषध का, हाच डोस का, कमी करता येईल का, तपासणी कधी? बदल हवाच असेल तर तो डॉक्टरांसोबत, हळूहळू करावा. लिथियम एकाएकी थांबवलं तर उन्माद उसळून येऊ शकतो. आणि हितचिंतकांनी गोळ्या बंद करायला सांगण्याऐवजी पुढच्या रक्ततपासणीला रुग्णासोबत जावं.