कवळीला लागतात पाच फेऱ्या, योजना देते तीन हजार: आजी-आजोबांच्या दातांचं गणित नेमकं कुठे चुकतं?

आमच्या घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक निळी प्लास्टिकची डबी आहे. त्यात आजीची कवळी असते. लग्न, बारसं, गावची जत्रा आणि फोटो काढायचा असेल तर ती बाहेर निघते. जेवायला बसलं की आजी ती काढून ठेवते. लोक जेवण्यासाठी कवळी लावतात, आमच्याकडे जेवण्यासाठी काढतात.

का, असं विचारलं तर उत्तर एका शब्दाचं: "टोचते."

ही कवळी तिला एका शिबिरात मिळाली होती. एका दिवसात माप घेतलं, काही दिवसांनी आणून हातात दिली, हार-तुऱ्यांसोबत फोटो झाला. त्यानंतर ती बसते की नाही हे विचारायला कुणी आलं नाही. आजीची भाकरी तेव्हापासून वरणात भिजते आणि शेंगदाण्याचा कूटच होतो.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी डबी असेल. प्रश्न असा आहे की चष्मा आणि काठी वाटणाऱ्या योजना देशात आणि राज्यात असताना दातांच्या बाबतीत घोडं अडतं कुठे?

आधी कवळी म्हणजे काय ते समजून घेऊ

आपण 'कवळी बसवली' असं म्हणतो, त्यामुळे ती दुकानात तयार मिळते आणि तोंडात बसवतात असं वाटतं. खरं तर पूर्ण कवळी ही शिवलेल्या कपड्यासारखी असते. माप एकाच माणसाचं, आणि तेही चुकून चालत नाही, कारण इथे खाली गादी म्हणून हाड आणि त्यावर पातळशी हिरडी एवढंच असतं.

नीट केलेल्या कवळीसाठी साधारण पाच वेळा दवाखान्यात जावं लागतं. पहिल्या वेळी तोंडाचं ढोबळ माप घेतात. त्या मापावरून फक्त त्याच पेशंटसाठी एक खास ट्रे बनवतात आणि दुसऱ्या वेळी त्या ट्रेने बारकाईचं माप घेतात. गाल, ओठ, जीभ हलताना कडा कुठवर येतात तेही यात नोंदलं जातं. तिसऱ्या वेळी मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून वरचा आणि खालचा जबडा एकमेकांपासून किती अंतरावर मिटतो हे ठरवतात. चौथ्या वेळी मेणात रोवलेले दात लावून बघायचे असतात. आरशात बघा, बोलून बघा, रंग आवडला का ते सांगा. यानंतर मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरून, उष्णता देऊन ते पक्कं करतात. पाचव्या वेळी कवळी हातात येते.

आणि इथे गोष्ट संपत नाही. नव्या चपलेसारखी कवळीही कुठेतरी चावते. ती जागा शोधून तिथलं ॲक्रिलिक अगदी थोडं घासायचं असतं. यासाठी अजून दोन-तीन फेऱ्या होतात. आजीच्या बाबतीत नेमका हाच भाग गळला.

यातली तिसरी पायरी सगळ्यात नाजूक. जबड्यांमधलं अंतर कमी धरलं तर चेहरा म्हातारा आणि चेपलेला दिसतो, ओठांच्या कोपऱ्यात लाळ साचून चिरा पडतात. जास्त धरलं तर दात सतत एकमेकांवर आपटतात आणि माणूस बोलताना टकटक आवाज येतो. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात म्हाताऱ्यांची कवळी टकटक वाजते ना, त्यात विनोद कमी आणि चुकलेलं माप जास्त असतं.

बोलण्याचाही मुद्दा आहे. मराठीतले त, थ, द, ध हे वर्ण दंत्य आहेत, म्हणजे जीभ वरच्या दातांच्या मागे टेकल्याशिवाय ते उमटत नाहीत. समोरचे दात नसलेल्या माणसाला 'त्र्याहत्तर' म्हणायला सांगा, लगेच कळेल. फोनवर आपलं बोलणं समोरच्याला समजत नाही म्हणून फोन घेणंच बंद केलेले आजोबा मी पाहिले आहेत.

खालचीच कवळी का त्रास देते?

कवळी वापरणाऱ्या कुणालाही विचारा, वरची ठीक आहे, खालची हलते, असंच सांगतील. वरची कवळी टाळूचा मोठा भाग झाकते. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो आणि त्यावर ती चिकटून राहते. ओल्या काचेवर काच ठेवली की उचलत नाही, तसं. खालच्या जबड्यात टाळू नाही, जागा कमी, आणि मध्ये जीभ दिवसभर फिरत असते.

दुसरं कारण हाडाचं आहे. दात काढला की त्याला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. पहिल्या काही महिन्यांत हा वेग सगळ्यात जास्त असतो, पण झीज पुढे आयुष्यभर थांबत नाही. खालचा जबडा वरच्यापेक्षा कितीतरी जास्त झिजतो. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टाल्ग्रेन यांच्या दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासात हे प्रमाण साधारण चौपट आढळलं होतं. म्हणजे कवळी तशीच राहते, खालची जमीन सरकते. त्यामुळे काही वर्षांनी आतून नवा थर भरून घेणं किंवा कवळीच नवी करणं भाग पडतं.

बरं, अगदी उत्तम बसलेली कवळीही खऱ्या दातांची जागा पूर्ण घेत नाही. चावण्याची ताकद खऱ्या दातांच्या साधारण पाव भाग किंवा त्याहून कमी भरते. म्हणूनच २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळी हा पहिला पर्याय असायला हवा, असं मत मांडलं होतं. आपल्याकडे हा पर्याय उपलब्ध आहे, पण खर्च ऐकूनच आजोबा म्हणतात, "आता किती दिवस राहिलेत माझे?" हे वाक्य प्रत्येक दंतवैद्याने ऐकलेलं असणार.

आता योजनांकडे येऊ

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ६० वर्षांवरच्या दर शंभर माणसांपैकी सुमारे २३ जणांच्या तोंडात एकही दात नाही. आपल्या राज्यात २०११ च्या जनगणनेतच साठी ओलांडलेले लोक १ कोटी ११ लाखांच्या घरात होते. त्यात आपल्याकडे तंबाखूची भर. ग्रामीण भागात कित्येक आज्या अजूनही सकाळी मिश्री लावतात. दात घट्ट होतात असा समज आहे, प्रत्यक्षात तंबाखू हिरड्यांची वाट लावते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तो खाऊन तोंड उघडेनासं झालेल्या माणसाच्या तोंडात मापाचा ट्रे घालणंसुद्धा अवघड होतं.

केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या ६० वर्षांवरच्या लोकांना यात मोफत साधनं मिळतात. काठी, वॉकर, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, चष्मा, आणि हो, कवळीसुद्धा. यादीत ती पहिल्यापासून आहे.

राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. वय ६५ च्या पुढे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, आणि बँक खात्यात एकदाच ३ हजार रुपये. त्यातून कोणती साधनं घेता येतील याची उदाहरणं दिली आहेत: चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड काठी, व्हीलचेअर, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा आणि कमरेचा पट्टा, मानेची कॉलर. या नावांमध्ये कवळी दिसत नाही. आणि दिसली असती तरी शहरातल्या खासगी दवाखान्यात वरची-खालची पूर्ण कवळी करायला गेलात तर बिल सहज पाच आकडी होतं.

मग आयुष्मान? ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ही योजना दवाखान्यात भरती होण्याभोवती उभी आहे. कवळीसाठी कुणी ॲडमिट होत नाही. खासगी विम्यातही दातांचे उपचार अपघात वगळता बहुतेक वेळा बाहेरच असतात.

माझ्या मते खरी अडचण पैशांच्याही आधीची आहे. आपल्या कल्याणकारी योजना 'वाटप' या शब्दावर चालतात. तपासणी शिबिर, यादी, मग मंडप टाकून वाटप. काठीसाठी हे चालतं. पण ज्या वस्तूला पाच फेऱ्या आणि नंतरची घासाघीस लागते, ती मंडपात वाटता येत नाही. वाटली तर ती निळ्या डबीत जाते. कागदावर मात्र लाभार्थी एक, कवळी एक, काम पूर्ण.

शेजारी काय केलं ते बघा. कर्नाटकात 'दंत भाग्य' आणि केरळात 'मंदहासम' अशा योजना आहेत, ज्या दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांच्या कवळीसाठीच आखल्या आहेत. त्या परिपूर्ण आहेत असा दावा नाही. पण दात हा वेगळा विषय आहे एवढं तरी तिथे मान्य झालं. आपल्याकडे २०२३ मध्ये सचिन तेंडुलकरला सदिच्छादूत करून 'स्वच्छ मुख अभियान' सुरू झालं. चांगलंच आहे, पण ते दात टिकवण्यासाठी. ज्यांचे गेले त्यांचं काय?

मग जायचं कुठे?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात कमी खर्चात कवळी होते. खासगी दंत महाविद्यालयांतही बाहेरच्या दवाखान्यांपेक्षा दर बरेच कमी असतात. कारण सोपं आहे. बीडीएसच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कवळ्या कराव्याच लागतात. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक पायरीवर शिक्षक तपासतात. एकही दात नसलेला पेशंट तिथे अगदी हवाहवासा असतो. आजींना हे ऐकून मोठी गंमत वाटली होती.

पण गडचिरोलीच्या माणसाला नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. ७५ च्या पुढच्यांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ मध्ये अर्धं तिकीट. तरी पाच फेऱ्यांसाठी सोबत येणाऱ्या मुलाची पाच दिवसांची मजुरी बुडते. हा खर्च कुठल्याच योजनेच्या हिशोबात नाही.

मग लोक जवळचा पर्याय शोधतात. बसस्टँडबाहेर, आठवडी बाजारात पेटी घेऊन बसलेला माणूस एका बैठकीत 'फिक्स दात' लावून देतो. तो लगेच घट्ट होणारं ॲक्रिलिक उरलेल्या दातांना आणि हिरडीला चिकटवतो. ते निघत नाही, त्याखाली साफ करता येत नाही, आणि काही महिन्यांत शेजारचे चांगले दातही हलायला लागतात. काही जण थेट कवळी बनवणाऱ्या लॅबवाल्याकडे जातात. तो कारागीर निष्णात असू शकतो, पण १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने कवळी बनवणारा आणि तोंडात हात घालणारा यांची नोंदणी वेगवेगळी ठेवली ती उगाच नाही. हिरडीवरचा पांढरा चट्टा ओळखणं हे त्याचं काम नव्हे.

घरात आधीच कवळी असेल तर थोडं लक्ष द्या. ती दंतमंजनाने घासू नका, ओरखडे पडतात आणि त्यात बुरशी वाढते. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. उकळत्या पाण्यात टाकलीत तर आकार बदलेल. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. हे फक्त स्वच्छतेसाठी नाही: जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कवळी लावूनच झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट दिसला होता. आणि कवळी टोचून झालेली जखम, कवळी काढून ठेवल्यावरही दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती 'कवळीचीच आहे' असं धरून चालू नका. मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर अजिबातच नाही. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात अशीच दिसू शकते.

नवं तंत्रज्ञानही आलंय. तोंड स्कॅन करून संगणकावर कवळी आखायची आणि थ्रीडी प्रिंटरवर छापायची. फेऱ्या कमी होतात, आणि माप फाइलमध्ये जपून ठेवलेलं असल्याने कवळी हरवली तर पुन्हा छापता येते. जिल्हा रुग्णालयात एक स्कॅनर आणि शहरात एक प्रिंटर, असं काही झालं तर गडचिरोलीचा प्रश्न बराच हलका होईल. सध्या मात्र हे मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांपुरतं आहे.

गेल्या महिन्यात आजीला घेऊन एका दंत महाविद्यालयात गेलो. तिथल्या विद्यार्थिनीने जुनी कवळी हातात घेतली, दोन मिनिटं बघितली आणि म्हणाली, "आजी, ही घासून भागणार नाही. नवीनच करू या. पण याल ना परत?" आजीने आधी माझ्याकडे बघितलं, मग मान डोलावली. तीन फेऱ्या झाल्यात. येत्या गुरुवारी मेणातले दात लावून बघायचे आहेत. रंग फार पांढरा नको, असं आजीने बजावून ठेवलंय.